शेवटच्या बंदराचा माल



१५ जानेवारी २०२६ ला वसई-विरार महापालिकेचं मतदान झालं. आधीच्या सभागृहाची मुदत २०२० सालीच संपली होती. तेव्हापासून साडेपाच वर्षं या शहरावर प्रशासक नावाचा एकटा साहेब. नगरसेवक नाही, सभा नाही, जाब विचारायला दार नाही. म्हणून निवडणूक लागली तेव्हा वस्त्यांमधून लोक हरखले आणि दारोदार पत्रकांचा पाऊस पडला. त्यातलं एक पत्रक आम्ही जपून ठेवलंय. उमेदवाराचं नाव देत नाही. नाव बदला, निशाणी बदला, पत्रक तेच राहतं.

पहिलं कलम काँक्रीटच्या रस्त्याचं. मग उड्डाणपूल, सीसीटीव्ही, उद्यान, ओपन जिम, तलावाचं सुशोभीकरण. अगदी खाली, छापखान्यात जागा उरली म्हणून घातल्यासारखं, 'मागासवर्गीय वस्त्यांकडे विशेष लक्ष'. सफाई कामगार हा शब्द अख्ख्या पत्रकात नाही.

गोदीत जहाज भरायची एक रीत आहे. जे बंदर शेवटी लागणार त्याचा माल आधी तळाला टाकतात, वर बाकीच्यांचा. आपण तळाला का, ते या पत्रकात छापलंय. आपलं बंदर शेवटचं. पण जहाज निदान शेवटच्या बंदराला लागतं तरी. महापालिकेचं जहाज पाच वर्षांनी अर्ध्या वाटेतून माघारी फिरतं आणि वरून नवा माल घेतं.

जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ही महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर. आता किती ते विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा. मुंबईत खोली परवडेना, गिरण्या बुडाल्या, झोपड्या तुटल्या, ती सगळी माणसं इकडे ढकलली गेली. शहर वाढलं म्हणतात ते असं वाढलं. बिल्डरने बांधलं, दलालाने विकलं, साहेबाने डोळे मिटले. डोळे मिटायचा दर काय असतो त्याचा अंदाज मे २०२५ मध्ये आला. महापालिकेच्या नगररचना खात्याशी संबंधित छाप्यांत नऊ कोटींची रोकड आणि तेवीस कोटींचे हिरे-सोनं मिळाल्याचं ईडीनेच जाहीर केलं.

नालासोपाऱ्यात सांडपाणी शुद्धीकरण आणि कचऱ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. एका रात्रीत नाही राहिल्या. लोकांनी दागिने मोडून, कर्ज काढून खोल्या घेतल्या. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हायकोर्टाच्या हुकमाने सगळ्या पाडल्या, सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर. कायदा बरोबर असेल. पण कायद्याचा बुलडोझर नेहमी शेवटच्या खरेदीदाराच्या चुलीवरच का येतो? पहिल्या विक्रेत्याच्या बंगल्यावर का नाही? आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं मेली. अनधिकृत होती असं महापालिका म्हणाली. माऊलीचं नाव दिलं, पाया नाही दिला.

९ एप्रिल २०२४. गुढीपाडवा. विरार पश्चिमेच्या एका खाजगी गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मेल्यास ३० लाख भरपाई, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. म्हणजे कागद सगळे आहेत. टाकीत मात्र माणूसच जातो, आणि तो कुठल्या वस्तीतून येतो हे सांगायला जनगणना लागत नाही. या शहराचा मैला कोण साफ करणार, कशाने, किती पगारावर, कुणाच्या ठेक्यात, हे ज्याच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम नाही त्याने विकासाच्या गप्पा आमच्या गल्लीत मारू नयेत.

कुणी म्हणेल, आपला माणूस राखीव जागेवरून गेलाय की आत! गेलाय. चार जणांच्या पॅनेलमध्ये चौथा फोटो. तिकीट त्यांचं, पैसा त्यांचा, गाडी त्यांची. सभागृहात हा तोंड उघडेल ते जांभई द्यायला. शिव्या त्याला घालून भागणार नाही. त्याला मागून रेटणारी माणसं आपण उभी केली नाहीत तर तो ज्याचं खातो त्याचंच वाजवणार.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ ला केला. तीन वर्षं ठराव दप्तरात सुकला आणि तळ्यातल्या पाण्याला आपला हात लागला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा लागला. आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला! ठराव करणारीही नगरपालिका, मोडणारीही नगरपालिका. जयंतीला बँजो लावणाऱ्या आमच्या मंडळांनी हे पोरांना सांगावं.

तेव्हा आता निवडून आलेल्याच्या सत्काराला हार घेऊन धावू नका. महापालिकेच्या बजेटात मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी पाच टक्के राखून ठेवायचा नियम आहे. मागच्या पाच वर्षांत त्यातले किती खर्च झाले, कुठल्या गल्लीत, कुठल्या ठेकेदाराला, ते लेखी मागा. सफाईच्या ठेक्यातल्या कामगारांची संख्या, त्यांचा पगार, पीएफ, हातमोजे, मशिनी, सगळं लेखी. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्याने अर्ज टाकला तर साहेब दाबतो. दर वस्तीतून दहा-दहा जाऊ द्यात, एकाच दिवशी, आवक-जावकच्या खिडकीवर रांग लावून. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. अर्जाचा नमुना मागच्या पानावर छापलाय, कात्रीने कापून घ्या.