वहीचं देशव्रत

चातुर्मासाच्या तोंडावर आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. तीत एक सूचना आली. मंडळाची सगळी यादी, म्हणजे घरोघरच्या श्राविकांची नावं, मोबाइल नंबर, पत्ते, वर्षभराच्या तिथी, चौक्याच्या पाळ्या, हे सगळं एका खात्यात क्लाउडवर टाकायचं आणि ते खातं प्रत्येकीच्या फोनला जोडायचं. सूचना मांडणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची, हुशार आणि कामसू. ती म्हणाली, "काकू, एकदा टाकलं की कायमची कटकट गेली." मी विरोध केला. एकटीनेच केला. "काकूंना कॉम्प्युटर सोडवत नाही," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. खरंच आहे, सोडवत नाही. का सोडवत नाही, ते त्या हशात सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी यादीत असतं काय, ते पाहू. नाव आणि नंबर तर असतोच. त्याखाली नोंदीचा एक रकाना असतो. माझ्या यादीतल्या काही नोंदी नाव न घेता सांगते. ‘मधुमेह आहे, उपवासाचा आग्रह करू नये.’ ‘मुलीचं ठरलेलं मोडलं, विषय काढू नये.’ ‘जावेशी बोलणं बंद, दोघींना एका चौक्यात ठेवू नये.’ ‘दुपारी तीननंतरच फोन करावा, सासरे घरी नसतात.’ समाजाच्या छापील डिरेक्टरीत यातलं काही सापडणार नाही. १९१४ साली मुंबईहून दिगंबर जैनांची मोठी डिरेक्टरी निघाली होती. तेव्हापासून याद्यांची हौस आपल्याला आहेच. पण ती डिरेक्टरी छापण्यासाठीच केलेली होती. माझ्या वहीतली माहिती मला कुणी छापायला दिलेली नाही. कुणी देवळाच्या पायरीवर सांगितली, कुणी आजारपणात, कुणी रडत. समाज चालतो तो या दुसऱ्या यादीवर, आणि ती बायांकडे असते.

आता मला ज्या गोष्टीने शहाणं केलं ती सांगते. त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या गावी राहायला गेली. कारणं सांगत बसत नाही, वाचणाऱ्या समजतील. तिने नवा नंबर आणि पत्ता फक्त मला आणि तिच्या भावाला दिला. मी तो फोनमध्ये घातला, पत्त्यासकट, नीटनेटका. माझा फोन थोरल्या मुलाने आणला होता. सुरू करताना खातं लागतं, म्हणून त्याने स्वतःचंच घातलं होतं. तेच खातं त्याच्या जुन्या टॅब्लेटवर होतं, आणि तो टॅब्लेट जाऊबाईंच्या नातवाला खेळायला दिलेला. एक दिवस त्या टॅब्लेटवरच्या नावांत माझ्या मैत्रिणीचं नाव कुणाच्या तरी दृष्टीस पडलं. जाऊबाईंच्या माहेरचं आणि त्या नवऱ्याचं नातं होतं. आठ दिवसांत तिच्या दारात माणसं उभी राहिली.

यात कुठल्या कंपनीने काही चोरलं नाही. यंत्राने सांगितलं तेच केलं. एका खात्यातली नावं त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवर न्यायची, यालाच तर सिंक म्हणतात. मैत्रिणीने पुन्हा घर बदललं, नंबर बदलला. नवा नंबर तिने मला दिला नाही. मी मागितलाही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पहिला प्रश्न तुम्हाला. तुमच्या फोनमध्ये खातं कुणाचं आहे? आत्ता उठून बघा. कितीतरी घरांत बाईचा फोन नवऱ्याच्या, मुलाच्या नाहीतर दिराच्या खात्यावर चालतो. ‘क्लाउड’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कुठेतरी अमेरिकेत ढगात आहे, तिथे आपल्याला कोण ओळखतं? अहो, तो ढग आधी आपल्याच ओसरीवर बरसतो. डॉक्टरीणबाईंकडे जायची वेळ तुम्ही कॅलेंडरमध्ये घालता आणि ती घरातल्या चौघांच्या फोनवर वाजते. पाळीची तारीख लिहून ठेवता, तीही. पूर्वी कावळा शिवायचा तेव्हा निदान सांगायचं की नाही, हे थोडंफार आपल्या हातात होतं.

दुसरा प्रश्न धर्माचा. "काकू, मोबाइलमध्ये व्रतं कुठे आणता?" असं म्हणाल. मी आणत नाही, ती तिथे आहेतच. चोरीला आपल्या शास्त्रात शब्द आहे अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. माझ्याकडे सातशे नंबर आहेत. ते सातशे जणींनी मला दिले, मला म्हणजे माझ्या वापरासाठी. ते पुढे तिसऱ्याच्या हवाली करायला मला कुणी सांगितलं? माझा स्वतःचा नंबर मी चौकात फळ्यावर लिहीन, तो माझा अधिकार. सातशे जणींच्या वतीने ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबायचा अधिकार माझ्याकडे कुठून आला?

शिवाय तीन गुणव्रतं आठवा. अनर्थदंडव्रत सांगतं की ज्यातून काही प्रयोजन साधत नाही असा दोष पदरी घेऊ नये. माझा कॉम्प्युटर टेबलावर, फोन त्याच टेबलावर. दोघांमध्ये वीतभर अंतर. ते ओलांडायला माझी वही परदेशातल्या यंत्रावर जाऊन परत येते, यात प्रयोजन काय? आणि देशव्रत सांगतं की अमुक काळ मी या घराबाहेर, या गल्लीबाहेर जाणार नाही. मी माझ्या वहीला देशव्रत दिलं आहे. तिने घराच्या उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

"पण आता क्लाउडशिवाय होतच नाही," असं दुकानातला पोरगा सांगतो. हे साफ खोटं आहे. १९९६ साली पाम पायलट नावाचं खिशातलं यंत्र निघालं. त्याच्याबरोबर एक बैठक यायची, ती कॉम्प्युटरला जोडलेली असायची. यंत्र तिच्यात ठेवायचं, एक बटण दाबायचं, की पत्ते आणि तारखा दोन्हीकडे सारख्या. इंटरनेटची गरज नाही. ज्याला तेव्हा जमत होतं, त्याला आज जमत नाही कसं? ॲपलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात मॅकची मॅव्हरिक्स ही आवृत्ती आली, तेव्हा केबल लावून पत्ते आणि कॅलेंडर आयफोनवर उतरवायची सोय काढून टाकली. वापरणाऱ्यांनी ओरड केली. २०१४ च्या मे महिन्यात, १०.९.३ या सुधारणेत, ती सोय परत आली. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, मर्जीची होती. आणि माणसं बोलली की मर्जी बदलते, हेही त्यातून दिसलं.

तेव्हा मी काय करते ते सांगते. यात इंजिनिअरिंग नाही. लोणच्याच्या बरणीइतकीच स्वच्छता आणि क्रम लागतो.

पत्ते ठेवायची आणि देवाणघेवाणीची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिच्या फाइलच्या नावाशेवटी व्हीसीएफ असतं. कॅलेंडरच्या फाइलला आयसीएस. कुठल्याही कंपनीचा फोन या दोन फाइली वाचू शकतो. सगळ्यात आधी फोनमधले सगळे पत्ते व्हीसीएफ फाइलमध्ये काढून केबलने कॉम्प्युटरवर घ्या. ती फाइल उघडून पाहा, नावं मोजा. मगच फोनच्या सेटिंगमध्ये खात्याचं ‘संपर्क’ आणि ‘कॅलेंडर’ सिंक बंद करा, आणि त्यानंतर खात्यात साठलेली जुनी नावं काढा. हा क्रम उलटा केलात तर नावं फोनमधूनही जातील आणि मला फोन कराल. बहुतेक फोनमध्ये नवा पत्ता कुठे ठेवायचा हे विचारलं जातं, तिथे खात्याऐवजी ‘डिव्हाइस’ निवडा.

पुढे रोजचं. अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर मायफोनएक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम आहे. तो केबलने, ब्लूटूथने किंवा घरातल्या वायफायने आउटलुकमधले पत्ते आणि तारखा फोनशी जुळवतो. आयफोन असेल तर आयक्लाउडचे ते दोन खटके बंद करून केबल लावा. विंडोजवर आयट्यून्समधून आणि मॅकवर फाइंडरमधून काम होतं. घरात कुणी हौशी मुलगा-मुलगी असेल तर रॅडिकेल नाहीतर बायकल हा छोटा सर्व्हर जुन्या कॉम्प्युटरवर बसवता येतो. अँड्रॉइडवर डेव्हएक्सफाइव्ह ॲप त्याच्याशी बोलतं आणि सगळं घरच्या वायफायमध्येच राहतं. नावं देवनागरीत असतील तर फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर ‘सुलोचनाबाई’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

एक गोष्ट लपवत नाही. क्लाउड बंद केला म्हणून फोन निर्मळ झाला असं नाही. व्हॉट्सॲपला संपर्क पाहायची परवानगी दिलीत की ते फोनमधले नंबर आपल्या सर्व्हरवर नेतं. म्हणून मी कॉम्प्युटरवर दोन याद्या केल्या आहेत. एक फोनवर उतरते, तीत नुसती नावं आणि नंबर. दुसरी, नोंदीची, कॉम्प्युटरवरच राहते. एखादा नंबर असा असतो की तो कॉम्प्युटरवरही घालत नाही, कागदावर लिहिते. यालाच परिग्रहाचं परिमाण म्हणतात ना?

आता तिथींचं. उज्जैनला राहून कॅलेंडरसाठी दुसऱ्यापुढे हात पसरायचा म्हणजे कमाल आहे. जुन्या ज्योतिषगणिताची शून्य रेखा आपल्या याच गावावरून धरलेली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा इथे उभी आहे आणि तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. फोनच्या कॅलेंडरला ‘दर वर्षी १० जून’ समजतं, ‘दर चतुर्दशीला’ समजत नाही. अष्टमी-चतुर्दशी मिळून वर्षाला ४८ तिथी होतात, अधिक महिना आला की ५२. त्या दर वर्षी पंचांग पाहून हातानेच घालाव्या लागतात, आणि फोनवर बोटाने टिचक्या मारण्यापेक्षा कीबोर्डवर ते तासाभरात होतं. सूर्यास्तही आपल्या गावचाच हवा. डिसेंबरात मुंबईपेक्षा उज्जैनला सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. मुंबईच्या बहिणीने पाठवलेलं कॅलेंडर जोडून बसलात तर रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्या बाईचा घास सूर्यास्तानंतर तोंडात जाईल.

आणि हेही पाहा. पंचांग या गावातून चहूकडे गेलं, ज्याला हवं त्याने घेतलं. पण पंचांगकर्त्याने उलट कधी विचारलं नाही की कुणाच्या घरी कोणता उपवास आहे. काळ सगळ्यांचा, तो खुशाल वाटावा. माझ्या तारखा माझ्या.

आक्षेप ठरलेले असतात. "फोन हरवला तर?" तर कॉम्प्युटरवर प्रत आहे. "कॉम्प्युटर बिघडला तर?" पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आहे, दर पौर्णिमेला करते, आणि एक लेकीच्या घरच्या कपाटात आहे. "क्लाउडवर सगळं कुलूपबंद असतं." असतं, पण किल्ली कुणाकडे? ॲपलने २०२२ मध्ये ज्यादा सुरक्षेची सोय आणली, ज्यात किल्ली फक्त वापरणाऱ्याकडे राहते. त्या सोयीतूनही मेल, संपर्क आणि कॅलेंडर हीच तीन खाती बाहेर ठेवली आहेत. "आपल्याला लपवायचं काय आहे?" तुम्हाला नसेल. माझ्या मैत्रिणीला होतं.

कायद्याचा आधार शोधाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही झाला. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या, घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे माझ्या फोनमधल्या सातशे जणींच्या बाबतीत सरकार मला काही विचारणार नाही. तिथे मला विचारणारी मीच.

मंडळाच्या त्या सूचनेला माझी उलट सूचना अशी. यादी मंडळाच्या कॉम्प्युटरवर ठेवा. तीत नाव आणि नंबर एवढंच, तेही त्या-त्या बाईला विचारून. तिथींची आयसीएस फाइल मी दर वर्षी करून देईन, जिला हवी तिने केबल घेऊन यावं. आणि क्षमावाणीच्या दिवशी आपण जगाची क्षमा मागतो, तेव्हा यंदा एकेका नावासमोर थांबून स्वतःला विचारा, हिने मला दिलेलं मी कुणाकुणाला दिलं?

पुढची बैठक रविवारी दुपारी आहे. केबल मी आणते.