अब्रूची किंमत आणि न्यायाची किंमत

मध्यमवर्गीय माणसाची मालमत्ता बहुधा बेताचीच असते. त्याची खरी शिल्लक म्हणजे त्याचे नाव. पालक शिक्षकाच्या हाती मूल सोपवतात, कचेरी कारकुनाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देते, ते या नावाच्या भरवशावर. या शिलकेवर कोणी घाला घातला तर कायद्याचा आधार किती, याची जाण मात्र सुशिक्षितांनाही क्वचितच असते.

कायद्याने दोन वाटा दिल्या आहेत. पहिली फौजदारी. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलमे ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही अथवा समाजसेवा अशी शिक्षा तीत आहे. हा अदखलपात्र गुन्हा असल्याने बाधित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दाखल करावयाची असते. मुदत तीन वर्षांची. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तिच्यासाठी स्वतंत्र संहिता नाही. न्यायालयांच्या निर्णयांतून हा कायदा घडत आला. येथे नुकसानभरपाई व मनाई हुकूम मागता येतो. परंतु १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला अवघे एक वर्ष दिले आहे. ‘वरिष्ठ काही करतील, समेट होईल’ या आशेवर थांबलेल्यांचा घात ही मुदत करते.

अर्थात, मन दुखावले म्हणजे अब्रुनुकसानी झाली असे नव्हे. विधान वादीविषयीच होते आणि ते तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचले, हे दाखवावे लागते. तोंडावर केलेला अपमान कितीही झोंबला तरी दुसऱ्या कोणाच्या कानी गेला नसेल, तर तो या व्याख्येत बसत नाही. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव ठरतो. फौजदारीत मात्र ते सत्य लोकहितार्थ सांगितले होते, हेही सिद्ध करावे लागते. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कायद्याने अभय दिले आहे. म्हणून मूळ मजकूर, त्याची तारीख आणि तो वाचणारे-ऐकणारे साक्षीदार यांची जपणूक करून वकिलामार्फत नोटीस देणे व दुरुस्तीची मागणी करणे, ही शहाणपणाची पहिली पायरी होय.

खरा प्रश्न यापुढचा आहे. ही वाट चालणे कोणाला परवडते? २००८ साली गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र चुकीने दाखवले. चूक काही सेकंदांची होती. २०११ साली पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. दुसरे उदाहरण राजस्थानातले. १९७७ साली एका दैनिकाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीविषयी ती मुलाबरोबर पळून गेल्याची खोटी बातमी छापली. वास्तविक ती रात्रीच्या वर्गाला गेली होती. सुमारे वीस वर्षांनी तेथील उच्च न्यायालयाने तिला दहा हजार रुपये मान्य केले. तोपर्यंत महागाईने त्या रकमेची मूळ क्रयशक्ती जेमतेम एक पंचमांश उरली होती. विलंब हा नुसता मनस्ताप नसतो. ती भरपाईतील प्रत्यक्ष कपात असते.

त्यातच न्यायालयीन शुल्क मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात आधीच भरावे लागते. अब्रूचे मोल जितके अधिक सांगावे, तितका दाव्याचा भार वाढतो. साहजिकच पुष्कळ जण फौजदारी वाट धरतात. तीत शिक्षा होऊ शकेल. गेलेली पत भरून येईलच असे नाही. उलट धनवान आणि सत्ताधारी यांच्या हाती हीच फिर्याद टीकाकाराला वर्षानुवर्षे तारखांना फिरवण्याचे हत्यार बनते. तेथे खटल्याचा निकाल गौण ठरतो. हेलपाटे हीच शिक्षा होऊन बसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फौजदारी तरतूद घटनासंमत ठरवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यामागील सूत्र मान्य होण्याजोगे आहे. पण एखादी तरतूद घटनेत बसते एवढ्यावरून ती उपयुक्त ठरत नाही. दावे स्वस्त केले तर टीकेचा गळा घोटला जाईल, ही भीतीही निराधार नाही. तीवर उपाय असा की, स्वस्त करावयाची ती दुरुस्ती, शिक्षा नव्हे. लहान रकमेच्या दाव्यांना अल्प व ठरावीक शुल्क असावे, निकालाला कालमर्यादा असावी आणि खोटे ज्या ठळकपणे छापले त्याच ठळकपणे त्याची दुरुस्ती छापण्याचा आदेश हा पहिला उपाय मानावा. कैदेची तरतूद मात्र विधिमंडळाने काढून टाकावी.

कारकुनाला शंभर कोटी नको असतात. ज्या शेजाऱ्यांनी खोटे वाचले, त्यांनीच खरेही वाचावे, आणि ते त्याच्या निवृत्तीपूर्वी वाचावे, एवढीच त्याची मागणी असते.