कॅमेऱ्यामागचे काका

घरात कार्य निघाले की आचारी, गुरुजी आणि मांडववाला यांच्या जोडीला हल्ली चौथा माणूस ठरवावा लागतो, तो व्हिडिओवाला. त्याच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्याच्या चित्रणात नवरानवरी ढगांतून उतरतात, गुलाबाच्या पाकळीतून डोकावतात आणि जेवणाऱ्या मंडळींच्या तोंडात घास असतानाच त्यांच्यावर लख्ख उजेड पडतो. हे सारे रिवाजाला धरून आहे. आज बोलायचे आहे ते घरच्या व्हिडिओवाल्याविषयी. हा प्राणी पैसे घेत नाही, आणि त्याला जेवायला वाढायची आठवणही कोणाला राहत नाही.

त्याचे कूळ मोठे आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रांचा खेळ केला. त्या दहा चित्रांत एक अगदी घरगुती होते. अंगणात टेबल मांडले आहे, ऑगुस्त ल्युमिएर आपल्या तान्ह्या मुलीला भरवतो आहे, शेजारी त्याची बायको बसली आहे. संपले. पुरते मिनिटभराचेही नाही. कॅमेऱ्याची मूठ फिरवत होता धाकटा भाऊ लुई, म्हणजे त्या मुलीचा काका. आणि काका चित्रात नाही! घरच्या चित्रणाचा हा नियम तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

आमच्याकडे हे काम काकांनी अंगावर घेतले. १९३२ साली कोडॅकने आठ मिलिमीटरची फिल्म काढली खरी. पण कॅमेरा, फिल्म, ती धुण्याचा खर्च आणि वर पडदा व प्रोजेक्टर, हे आपल्या चाळीतल्या संसारांना झेपणारे नव्हते. १९८५ साली सोनीचा हँडीकॅम निघाला, तोही बरीच वर्षे परदेशातून येणाऱ्या नातलगांच्या खांद्यावरच पाहायचा. १९९५ मध्ये मिनी डीव्ही ही काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट आली आणि कॅमेरा तळहाताएवढा झाला. काही वर्षांनी तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात उतरला. काकांनी २००४ साली, निवृत्त झाल्यावर, त्यातला सर्वांत स्वस्त घेतला. काकूने त्याच पैशात गिरणी घ्यावी असे सुचवले होते. ते त्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

काका हिशेबनीस होते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे आकडे त्यांनी बारकाईने तपासले. ‘आठशेपट झूम’ असे मोठ्या अक्षरांत होते, त्यातले वीसपटच भिंगाचे. बाकीचे म्हणजे तेच ठिपके फुगवून दाखवायचे. लांबच्या माणसाचा चेहरा जवळ येण्याऐवजी फरशीचे तुकडे आल्यासारखा दिसतो. शिवाय झूम जितका जास्त तितका हाताचा कंपही मोठा. म्हणून माणूस जवळून हवा असेल तर आपणच चार पावले पुढे जावे, हा त्यांचा दंडक होता. खिडकीकडे पाठ करून कोणाला बसवू देत नसत, कारण यंत्र बाहेरच्या उजेडाला भुलते आणि चेहरा काळा येतो. मला विचाराल तर हल्लीच्या फोनधाऱ्यांनाही एवढे दोन धडे पुरेत. फोनने या लहान कॅमेऱ्यांचा बाजार जवळजवळ उठवला. चित्र काकांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येते. पण अर्ध्या मिनिटाचे शेकडो तुकडे साठवायचे आणि एकही पुन्हा पाहायचा नाही, ही रीत मला काही पटलेली नाही.

काका २०१९ साली गेले. मागे एकोणीस कॅसेटी राहिल्या. मुंबईच्या पावसाळ्यात अशा फितींना बुरशी धरते. काकांनी त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या. मात्र त्या संगणकावर घ्यायच्या तर फायरवायरची खाच लागते आणि नव्या यंत्रांना ती नसते. काकूच्या नातवाने कोठूनतरी जुना संगणक पैदा केला. या कामात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. त्यामुळे गेले काही रविवार आम्ही सारे ती समोर बसून पाहतो आहोत.

वाद झाला तो तिथेच. या कॅमेऱ्यांना चित्रण सुरू करायला आणि थांबवायला एकच बटण. काकांचा गोंधळ होई, आणि थांबवले असे समजून ते कॅमेरा हातात लोंबकळत ठेवून फिरत. मग दहा-दहा मिनिटे नुसती जमीन, चपला, कोणाच्या साडीचा काठ. नातू म्हणाला, “आजी, हा फालतू भाग कापून टाकू. बारसे पाच मिनिटांत छान बसेल.”

“एक अक्षर कापायचे नाही,” काकू म्हणाली.

कारण साधे आहे. मायक्रोफोन कॅमेऱ्यावरच असतो. जो सर्वांत जवळ त्याचा आवाज सर्वांत मोठा. एकोणीस कॅसेटींत काकांचा चेहरा, एका कपाटाच्या आरशातला सोडला तर, कोठेही नाही. चित्रण चालू असताना ते श्वास रोखून गप्प असत. बोलत ते या चपलांच्या भागात. नारळवाल्याशी घासाघीस, मला उद्देशून “अरे, हिला बसायला खुर्ची दे आधी”, मधेच स्वतःशी गुणगुणणे. नातवाला त्यात चित्र दिसत नव्हते. काकू चित्राकडे पाहतच नव्हती.

तो समजुतीने बारशाची छोटी प्रत वेगळी करणार आहे आणि मूळ फीत अख्खी ठेवणार आहे. अठरा झाल्या. उरलेल्या कॅसेटीवर काकांच्या हिशेबी अक्षरात ‘किरकोळ’ असे लिहिले आहे. ती काकूने रविवारी लावू दिली नाही. “मधल्या वारी दुपारी येऊन मला लावून दे नि तू जा,” असे तिने नातवाला सांगितले आहे.