ॲक्च्युअरी व्हायचे आहे? मग विद्यापीठाला आधी पाच प्रश्न विचारा



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच विषय निघतो. पुढे काय? कोणी म्हणतो इंजिनिअर कर, कोणी म्हणतो बँकेच्या परीक्षेला बसव. यंदा मात्र एक नवाच शब्द माझ्या दारात आला. नालासोपाऱ्याच्या एक ताई आपल्या लेकीला घेऊन आल्या. ताई वालीवच्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतात, घरधनी रिक्षा चालवतात. मुलगी हुशार, गणितात नव्वदच्या वर गुण. हातात एका दूरच्या खासगी विद्यापीठाची रंगीत माहितीपुस्तिका.

"दादा, हिला ॲक्च्युअरी व्हायचंय. तिकडं त्याचीच पदवी मिळते म्हणे. ठेव मोडते, कमी पडलं तर पतपेढीतून काढते. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून जो हिशेब मांडला तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. असा प्रश्न घेऊन बसलेली ती एकटीच मुलगी नसेल.

हे काम तरी काय?

आपल्या गावकीच्या मंडळात मयत फंड असतो. दर घरामागे वर्गणी, आणि कोणाच्या घरी मयत झाली तर त्या घराला मदत. आता समजा, फंडात तिशीचे १००० सभासद आहेत आणि प्रत्येक मयतीला १ लाख रुपये द्यायचे आहेत. वर्षात दोघे जातील असा अंदाज धरला तर २ लाख लागतील, म्हणजे माणशी २०० रुपये. तेच सभासद पंचावन्न वर्षांचे असतील आणि दहा जण जातील असे धरले, तर माणशी १००० रुपये लागतील. तरुण आणि वयस्कर दोघांकडून सारखीच वर्गणी घेतली तर काय होते? तरुण म्हणतात, "आम्ही जास्त का भरायचे?" ते फंड सोडतात. मागे वयस्कर उरतात, वर्गणी वाढवावी लागते, आणखी माणसे गळतात, आणि एक दिवस फंड बुडतो. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण फंड बुडण्याची रीत खरी आहे.

हा अंदाज शास्त्राने बांधणारा, पुढच्या तीस-चाळीस वर्षांची देणी आणि व्याज हिशेबात धरून हप्ता ठरवणारा माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. विमा कंपनी, पेन्शन फंड, कामगारांची ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा, सगळीकडे तो लागतो. १६९३ मध्ये एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून वयोमानाचे कोष्टक मांडले. पुढे १७६२ मध्ये लंडनला इक्विटेबल ही संस्था निघाली आणि वयानुसार शास्त्रशुद्ध हप्ता घेण्याची पद्धत रुळली.

आपल्या देशात हे गणित बराच काळ परक्यांच्या हाती होते. युरोपियन कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवतच नसत, उतरवला तर जादा हप्ता घेत. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा दिला. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन एल.आय.सी. आली. त्याच्या आधीच, १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. गरिबाच्या जिवाची किंमत कोणी आणि कशी ठरवायची, हा प्रश्न आपल्याला परका नाही. मग ते ठरवणाऱ्यांत आपली लेकरे का नसावीत?

पदवी वेगळी, परीक्षा वेगळी

आता मुख्य मुद्दा. डॉक्टर व्हायला एम.बी.बी.एस. व्हावे लागते. ॲक्च्युअरीचे तसे नाही. नुसती 'बी.एस्सी. ॲक्च्युरियल सायन्स' ही पदवी घेऊन कोणी ॲक्च्युअरी होत नाही. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. १९४४ मध्ये ॲक्च्युरियल सोसायटी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्याने आजचे रूप मिळाले. चार्टर्ड अकाउंटंटचे जसे, तसेच हे.

बारावीनंतर ए.सी.ई.टी. ही प्रवेश परीक्षा देता येते. तिच्यात गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचा अर्थ लावणे, इंग्रजी आणि तर्क असे विषय असतात. ती पास झाल्यावर विद्यार्थी सभासद होता येते. मग डझनभर विषय, एकेक, दोनदोन करत. शेवटी फेलो. नोकरी करत करत हे चालते. पाच-सात वर्षे सहज जातात, कोणाला जास्त लागतात, आणि पुष्कळ जण मध्येच थांबतात. हे घाबरवायला लिहीत नाही. ठेव मोडण्यापूर्वी आईला हे माहीत असले पाहिजे म्हणून लिहितो.

तेव्हा कुठल्याही विद्यापीठातून आलात तरी या एकाच दारातून आत जायचे आहे. प्रश्न एवढाच की त्या दारापर्यंत कोणती वाट आपल्याला झेपते आणि वाटेत थांबावे लागले तर हातात काय उरते.

तीन वाटा

पहिली वाट घराजवळची. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आणि सोबत ए.सी.ई.टी. द्यायची. वसई रोडचे वर्तक महाविद्यालय आणि विरारचे विवा महाविद्यालय आपल्या उंबऱ्याशी आहेत. तिथे जाऊन एकच गोष्ट विचारा: संख्याशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून शिकवता का? काही ठिकाणी तो पहिली एक-दोन वर्षेच असतो. नसेल तर लोकल आहेच. विलेपार्ल्याचे मिठीबाई, माटुंग्याचे रुपारेल, धोबीतलावचे सेंट झेवियर्स यांचे संख्याशास्त्राचे विभाग जुने आहेत. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर आहे. रोजची ती गर्दी मुलीच्या अभ्यासातून दोन-तीन तास खाणार, हेही हिशेबात धरा. या वाटेचा मोठा फायदा असा की परीक्षा अर्धवट राहिल्या तरी संख्याशास्त्राची पदवी वाया जात नाही. बँका, सरकारी सांख्यिकी खाती, औषध कंपन्या, एम.एस्सी., सगळी दारे उघडी राहतात.

दुसरी वाट खास ॲक्च्युरियल पदवीची. नोएडाच्या ॲमिटी विद्यापीठासारख्या खासगी ठिकाणी त्यासाठी वेगळा विभागच आहे. इथे अभ्यासक्रम संस्थेच्या विषयांना धरून असतो, सोबतची मुले त्याच परीक्षा देत असतात, कंपन्यांची ओळख होते. हे फायदे खरे आहेत, ते नाकारू नयेत. पण फी जड, वसतिगृह वेगळे. आणि परीक्षा सुटली तर एवढ्या अरुंद नावाच्या पदवीचे पुढे काय, हा प्रश्न उरतो.

तिसरी वाट आधी साधी पदवी आणि मग खास एम.एस्सी. मद्रास विद्यापीठ आणि केरळ विद्यापीठ या सरकारी विद्यापीठांत ॲक्च्युरियल सायन्सची एम.एस्सी. आहे. तोवर मुलगी वीस-एकवीस वर्षांची होते, दोन-तीन विषय देऊन पाहिलेले असतात. हे आपल्याला जमते की नाही ते तिचे तिलाच कळलेले असते.

पाच प्रश्न

कुठलेही विद्यापीठ असो, पैसे भरण्याआधी पुढील प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

१) तुमच्या पदवीमुळे संस्थेच्या कोणत्या विषयांत सूट मिळते, आणि किती गुण असले तर? माहितीपुस्तिकेतले 'अभ्यासक्रम संस्थेशी सुसंगत' म्हणजे सूट नव्हे. मिळालेले उत्तर संस्थेकडूनही पडताळून घ्या.

२) मागच्या तीन वर्षांत तुमचे किती विद्यार्थी संस्थेचे विषय पास झाले? नोकरीला लागले ते ॲक्च्युरियल कामावर की विमा विकायला?

३) शिकवणाऱ्यांत स्वतः परीक्षा दिलेले किती आहेत?

४) सगळी वर्षे मिळून एकूण खर्च किती? फी, वसतिगृह, संस्थेच्या परीक्षांचे शुल्क, पुस्तके, सगळे धरून.

५) अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती किंवा फी माफी लागू आहे का?

शेवटचा प्रश्न आपल्या घरांसाठी पहिला आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फी माफी, असा महाराष्ट्रात सर्वसाधारण नियम आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पण खासगी विद्यापीठात ती लागू होईलच असे धरून चालू नका. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारा. जातीचा दाखला, पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांची धावपळ निकालानंतर नको, आधीच करा.

परदेशाचे स्वप्न असेल तर एक ध्यानात ठेवा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर लगेच परदेशी पदवीला गेलात तर त्यांचा आधार नाही. इथे पदवी चांगली करा, मग त्या दाराशी जा.

आणि जी मुले आत्ता दहावीत आहेत त्यांच्या आईबापांना एक विनंती. अकरावीत सायन्स घ्या की कॉमर्स, पण गणित सोडू देऊ नका. आज सोपे म्हणून गणित सोडले की उद्या ही वाट बंद झालीच म्हणून समजा.

मग त्या ताईंनी काय केले?

हिशेब मांडून झाल्यावर ताई गप्प झाल्या. मुलगी म्हणाली, "पण तिथं हॉस्टेल आहे. इथं एका खोलीत पाच माणसांत अभ्यास होत नाही." तिचे खोटे नव्हते. फीच्या आकड्यात हे कुठे दिसत नाही, पण परीक्षेच्या निकालात दिसते. म्हणून ठरले ते असे. त्या विद्यापीठाला पाच प्रश्नांचे पत्र तिने स्वतःच्या हाताने लिहायचे. उत्तर येईपर्यंत ठेवीला हात लावायचा नाही. इकडे संख्याशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज भरून ठेवायचा, ए.सी.ई.टी.ची तयारी सुरू करायची, आणि संध्याकाळी बसायला वाचनालयातली एक जागा धरायची.

पत्राला अजून उत्तर आलेले नाही. ताई परवा स्टेशनवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, पैसे घ्यायला तर रोज फोन करतात." मी म्हटले, "ताई, हेसुद्धा एक उत्तरच आहे. लेकीला सांगा, ते लिहून ठेव."

एल.आय.सी. अधूनमधून ॲक्च्युरियल शाखेसाठी सहायक प्रशासकीय अधिकारी भरते. तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण संस्थेचे ठरावीक विषय पास असावे लागतात. अनुसूचित जातीसाठी राखीव जागाही असतात. त्या जागेवर बसणारी मुलगी कुठल्या इमारतीत शिकली हे कोणी विचारणार नाही, किती विषय सोडवले ते विचारतील. शिका जरूर, मोठे शिका. पण आईच्या घामाचा पैसा मोजताना गणित तेवढेच पक्के मांडा.