खडू हातात दिले, जबाबदारी कोणाची?

मैत्रिणींनो, आर्ट थेरपीचे वारे आता आपल्या शिबिरांतही शिरले आहे. ताणतणावाचे सत्र ठरते, शहरातून पाहुणी येते, ‘मनातले घर काढा’ म्हणून खडू वाटते. मार खाऊन आलेली बाई दार नसलेले घर काढते. पाहुणी त्याचा अर्थ सगळ्यांसमोर सांगते, फोटो घेते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. चित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकते. बाई रात्री त्याच घरात जाते. याला उपचार म्हणायचे?

आमचा विरोध कलेला नाही. ब्राझीलच्या मनोविकारतज्ज्ञ नीझे दा सिल्वेइरा यांना डाव्या विचारांपायी १९३६ मध्ये तुरुंगात टाकले होते. पुढे रिओच्या मनोरुग्णालयात त्यांनी विजेचे झटके आणि मेंदूची शस्त्रक्रिया साफ नाकारली. १९४६ पासून तिथे त्यांनी रुग्णांसाठी चित्रशाळा चालवली आणि १९५२ मध्ये त्या चित्रांचे संग्रहालय उभे केले. एका चित्रावरून त्या माणसाचा निकाल लावत नसत. एकाच हाताची चित्रे ओळीने लावून वर्षानुवर्षे पाहत. रुग्णाची साथ सोडायची नाही, हा त्या कामाचा पाया होता.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ‘आर्ट थेरपिस्ट’ ही उपाधी लावणे बेकायदा आहे. नोंदणी असलेल्याविरुद्ध तक्रार करता येते. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने आर्ट थेरपिस्टचे नाव यादीत घेतले. पण यादीत नाव आले म्हणून दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर पाटी लावणारा उत्तरदायी होत नाही.

काहीजणी म्हणतील, पदव्या आणि नोंदण्या आल्या की वस्तीतली कार्यकर्ती बाहेर फेकली जाईल, फी भरणाऱ्यांचाच धंदा उरेल. ही भीती खरी आहे. म्हणूनच फरक स्पष्ट करू या. गाणी, ओव्या, पोस्टर, खडू ही आपली चळवळीची साधने आहेत. ती खुशाल वापरावीत. पण ‘उपचार’ हा शब्द उच्चारला की प्रशिक्षण हवे, अनुभवी व्यक्तीची देखरेख हवी, गुप्तता हवी आणि पुढच्या आठवड्याची वेळ ठरलेली हवी. आणि हे सारे सरकारी दवाखान्यात फुकट मिळाले पाहिजे.

तोवर आपल्या शिबिरांपुरते नियम आपणच करू. चित्र काढणारीचे. ते ठेवायचे, फाडायचे की दाखवायचे, हे तीच ठरवील. तिने न विचारता अर्थ सांगायचा नाही. तिच्या संमतीशिवाय ते अहवालात छापायचे नाही, मग निधी देणारी संस्था कितीही मागो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. आपल्या दारात आलेल्या बाईला त्याहून कमी का मिळावे?

आणि घरात मार बसत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, निवाऱ्याची मागणी आहे. ती लढाई रंगपेटीवर भागवू नका.