देव निजले असता घंटा बडवणारे

मॉरिशसला जाऊन आलेल्या आमच्या मंडळींच्या तोंडून प्रवासाची जी वर्णने ऐकू येतात, त्यांचा एक ठरावीक साचाच अलीकडे बनून गेला आहे. पहिल्या दिवशी गंगा तलाव, तेथील मंगल महादेवाची ३३ मीटर उंच मूर्ती, अभिषेक आणि प्रसाद. दुसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्याने यांत्रिक होडीची सफर, डॉल्फिनांच्या संगतीत पोहणे, डोळ्यांवर काचेचा चष्मा चढवून व तोंडात श्वासनळी धरून प्रवाळांचे दर्शन आणि दुपारी एखाद्या बेटावर भोजन. या दोन दिवसांत काही विसंगती आहे असे या मंडळींना वाटत नाही. उलट, सोवळ्याचा अभिमान बाळगणारे काही सज्जन तीर्थयात्रेला जलक्रीडेची जोड देणे हेच मुळी पाप ठरवून मोकळे होतात. आमचे भांडण या दोघांशीही आहे. पोहण्यात पाप कसले? समुद्राच्या उदरातील ते वैभव डोळे भरून पाहणे हे आमच्या मते देवदर्शनाच्या तोडीचे आहे. आमचा आक्षेप आहे तो पहिल्या दिवशी पाळलेली मर्यादा दुसऱ्या दिवशी धक्क्यावर चपलांबरोबर काढून ठेवण्याला.

हे बेट आम्हांला सर्वस्वी परकेही नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या भूगर्भीय अग्निस्रोताने दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर रचले, त्याच स्रोतावरून पृथ्वीचे कवच सरकत गेले आणि त्या वाटेवर लक्षद्वीप-मालदीवचा सागरतळीचा कणा व फार पुढे मॉरिशस उभे राहिले, असे भूशास्त्र सांगते. तो अग्नी शेजारच्या रियुनियन बेटावर आजही धगधगत आहे. म्हणजे घाटमाथ्यावरील आमची जुनी देवळे ज्या काळ्या पाषाणाची, त्याच कुळातला हा पाषाण. गंगा तलाव हेही एका निवालेल्या ज्वालामुखीचेच मुख; १९७२ साली तेथे गोमुखाचे जल आणून मिसळले गेले, हे यात्रेकरूंना ठाऊक असते. होडी जेव्हा ल मॉर्नच्या ५५६ मीटर उंच कड्याखालून जाते, तेव्हा या सोयरिकीची आठवण कितीजणांना होते? मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी ज्या कड्याचा आश्रय केला आणि ज्याची २००८ साली जागतिक वारशात गणना झाली, त्याच्या पायथ्याशी ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते वाजवायची, हा आमच्या विनोदबुद्धीचा कळस म्हणावा लागेल.

पण कडा दगडाचा आहे, तो सोसतो. जे सोसू शकत नाहीत त्यांच्याविषयी बोलू.

तामारिनच्या उपसागरात पहाटे जे डॉल्फिन दिसतात, त्यांपैकी पुष्कळसे हवेत भोवऱ्यासारखी गिरकी घेणाऱ्या जातीचे असतात. हे प्राणी रात्रभर दूरच्या खोल पाण्यात भक्ष्य शोधतात आणि सकाळी किनाऱ्यालगतच्या उथळ, वालुकामय, सुरक्षित पाण्यात विसाव्याला येतात. कळप एकमेकांना बिलगून संथपणे तरंगत असतो. ती त्यांची निद्रा. नेमक्या त्याच वेळी होड्यांचा ताफा त्यांना घेरतो. तांडेल यंत्राचा वेग वाढवून कळपाच्या पुढे जातो, “उड्या मारा” अशी आज्ञा होते आणि दहा-वीस माणसे आरडाओरडा करीत त्या निद्रिस्तांच्या वाटेत कोसळतात. कळप बुडी मारून निसटतो. होड्या पुन्हा वळतात. पुन्हा तोच पाठलाग.

आमच्या वाचकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. माध्यान्हीची आरती व नैवेद्य होऊन गाभाऱ्याचे दार लागले, म्हणजे दुरून आलेला भाविकही सभामंडपात मुकाट बसून राहतो. “मी मोटारीचे भाडे मोजले आहे, देवाला उठवा” असे म्हणून दार ठोठावणारा अजून आमच्या पाहण्यात नाही. शेजारतीनंतर कोणी घंटा बडवीत नाही. दगडाच्या वा पंचधातूच्या मूर्तीची झोप जपण्याइतके कोमल असलेले आमचे मन, खरोखरीच्या रक्तामांसाच्या जिवाची झोप मोडताना इतके निबर कसे होते?

प्रवाळांची कथा याहून करुण आहे, कारण त्यांना पळताही येत नाही. ज्याला आपण खडक समजून पाय टेकतो, ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी साधारण एखाद्या सेंटिमीटरने, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे टाचेच्या एका धक्क्याने फुटलेला तुकडा भरून यायला एका माणसाचे बालपण जावे लागते. नांगराच्या लोखंडाविषयी तर बोलायलाच नको. लाव्ह्याच्या पायावर या जीवांनी मॉरिशसभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीचा तट उभारला आहे. महासागराची लाट त्यावर फुटते म्हणून आतले पाणी संथ राहते, कोळ्यांची होडी सुखरूप फिरते. काळ्या दगडाच्या त्या बेटाला पांढरी वाळू लाभली तीही प्रवाळ आणि शिंपले यांच्याच चुऱ्याची. आमच्या मंडळींच्या छायाचित्रांत मागे चमकते ती हीच वाळू.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. एक म्हणतो, होडीवाल्यांच्या पोटाचे काय? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच आम्ही होडीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. गिऱ्हाईक जे मागते ते तो पुरवतो. “डॉल्फिनला हात लागला नाही तर पैसे परत” असे जेथे उतारू म्हणतात, तेथे तांडेलाने संयम पाळावा कशासाठी? दुसरा अधिक चतुर आहे. तो म्हणतो, समुद्रच तापतो आहे. २०२४ साली प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. त्यापुढे माझ्या एका पावलाची काय कथा? तापाने फणफणलेल्या माणसाच्या छातीवर हा गृहस्थ याच न्यायाने उभा राहील काय?

आणि त्या बेटावर राहणाऱ्यांकडे तरी पाहावे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आहेत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यांचा गणपती विसर्जनाला निघतो. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा बेटावरच्या लोकांनी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता उसाचा पाला कापडात भरून त्याचे तरंगते बांध शिवले. तेल शोषावे म्हणून कित्येकांनी डोक्याचे केस कापून दिले. आमच्यात केसांचे दान तिरुपतीला होते. त्या लोकांनी ते प्रवाळांसाठी केले, आणि त्याच पाण्यात आम्ही चार दिवसांचे पाहुणे म्हणून जाऊन प्रवाळावर उभे राहून हात हलवतो!

यंदा जी मंडळी जाणार असतील, त्यांनी होडीचा इसारा देण्यापूर्वी तांडेलाला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रवाळांपाशी होडी बोयाला बांधणार की नांगर टाकणार? कळप दिसल्यावर यंत्र मंद करून दूर थांबणार की पुढे घालणार? आणि ज्याला नीट पोहता येत नाही, त्याला तरंगण्याचे जाकीट देणार की प्रवाळावर उभे राहायला सांगणार? उत्तरे मनासारखी मिळाली नाहीत, तर धक्क्यावर दुसऱ्या होड्या असतातच.