घडीची स्कूटर घेताना

घरात हिंडणाऱ्याफिरणाऱ्या आजोबांना लग्नमंडप किंवा प्रदर्शन मात्र झेपत नाही आणि हळूहळू ‘तुम्ही जाऊन या’ असे ते म्हणू लागतात. जाण्याची इच्छा असते; गुडघे साथ देत नाहीत. अशा प्रसंगी बॅटरीवर चालणारी, घडी होणारी स्कूटर उपयोगी पडते. ती घेताना वेगापेक्षा वजनाची चौकशी आधी करावी. सुट्या होणाऱ्या भागांपैकी सर्वांत जड भाग कोणता, हे विचारावे आणि घरातील जी व्यक्ती तो मोटारीत चढविणार तिनेच दुकानात उचलून पाहावा. उचलवत नाही ती स्कूटर अखेर जिन्याखाली धूळ खाते.

तीन चाकांची स्कूटर अरुंद जागेत चटकन वळते. चार चाकांची अधिक स्थिर असते. तळ जमिनीलगत असेल तर उंबरठ्यावर अडखळते. घराचे दार व लिफ्ट आधी मोजून घ्यावीत. १ फूट चढण्यास १२ फूट लांबी, असा उतार सार्वजनिक इमारतींसाठी योग्य मानतात. त्याहून तीव्र चढ यंत्राला पेलतो का, हे विचारावे. विमानप्रवास करावयाचा असल्यास बॅटरीविषयीचे नियम विमान कंपनीकडून आधीच समजून घ्यावेत. स्कूटर पडून असली तरी बॅटरी पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे भारित करीत राहावी.

मात्र अंतिम निवड आजोबांचीच असू द्यावी. त्यांनी स्वतः बसून, चालवून, वळवून पाहावे. हात सोडताच स्कूटर थांबते, याची त्यांना खात्री पटली म्हणजे बाहेर पडण्याचा धीर आपोआप येतो.